साधा टॅब्लेट पुरेल की ताकदवान लागेल? पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

टॅब्लेट घेताना चूक दोन बाजूंनी होते. कुणी स्वस्तात स्वस्त मिळेल तो उचलतो आणि काही महिन्यांत तो नुसता पडून राहतो, कारण कीबोर्डवर दाबलेलं अक्षरसुद्धा उमटायला वेळ लावतं. कुणी सगळ्यात वरचा घेतो आणि त्यावर व्हिडिओ पाहणं आणि बातम्या वाचणं यापलीकडे काही होत नाही. पैसे दोन्हीकडे वाया जातात.

निवड करताना दोन गोष्टी धरून चाला. साध्या टॅब्लेटलाही एक किमान पातळी असते; तिच्या खालचा टॅब्लेट कुणाच्याच उपयोगाचा नसतो, कितीही कमी किमतीत मिळाला तरी. आणि ताकदवान टॅब्लेट घ्यायचा तर तुमच्या कामांत निदान एक काम असं हवं, जे साध्यावर धड होतच नाही. एखादं ॲप अर्धा सेकंद उशिरा उघडतं, एवढ्यासाठी दुप्पट खर्च करू नये.

पायरी १: कामं नावानिशी लिहून काढा

'अभ्यासासाठी' किंवा 'घरच्यांसाठी' असं मोघम लिहून काही कळत नाही. कागद घ्या आणि रोज किंवा आठवड्यातून काय करणार ते लिहा: अमुक ॲपवर ऑनलाइन तास, पीडीएफ पुस्तकं, हाताने नोट्स, चित्रकला, लहान मुलाचे खेळ, व्हिडिओ कॉल, स्प्रेडशीट. प्रत्येकापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे करताना शेजारी दुसरं ॲप उघडं लागेल का? पेनाने लिहायचं किंवा काढायचं आहे का? हे काम सलग किती वेळ चालेल?

हे तीनच प्रश्न विचारायचं कारण आहे. साधे टॅब्लेट नेमके या तीन ठिकाणी अडतात: एका वेळी दोन कामं, पेन, आणि सलग तासभर जोर लावणारं काम. एक व्हिडिओ चालवणं, एक पुस्तक वाचणं, एक कॉल घेणं यात साधा आणि महाग यांत फार तफावत जाणवत नाही. व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये, म्हणजे टॅब्लेटच्या प्रोसेसरमध्ये, वेगळा भाग असतो, त्यामुळे साधी चिपही पूर्ण एचडी चित्रपट न अडखळता दाखवते.

पायरी २: रॅम आणि स्टोरेज यांची किमान पातळी ठरवा

रॅम म्हणजे चालू ॲप्सची तात्पुरती जागा, स्टोरेज म्हणजे ॲप्स आणि फायली कायम साठवण्याची जागा. अँड्रॉइड टॅब्लेटसाठी आजची किमान पातळी अशी धरा: ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. शक्य असेल तर ६ किंवा ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज. तेच मॉडेल दोन प्रकारांत मिळत असेल तर वरचा प्रकार घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. उदाहरणार्थ, सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज, तसंच ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज अशा दोन प्रकारांत आला. दोन्हींत चिप एकच, स्क्रीन एकच; पण पहिला लवकर थकतो.

असं का होतं? अँड्रॉइड ही यंत्रणा स्वतःच रॅमचा मोठा हिस्सा घेते. ४ जीबीपैकी तुमच्या ॲप्ससाठी साधारण निम्मी उरते. ब्राउझरमध्ये अर्ज भरताय, मध्येच मेसेज बघायला गेलात, परत आलात तर पान नव्याने लोड होतं आणि भरलेला मजकूर गेलेला असतो. ही ब्राउझरची चूक नसते. जागा कमी पडली की यंत्रणा मागे ठेवलेली ॲप्स बंद करत जाते.

जाहिरातीत '८ + ८ जीबी रॅम' असं लिहिलेलं दिसलं, तर पहिला आकडाच खरा धरा. दुसरा आकडा म्हणजे स्टोरेजचा काही भाग रॅमसारखा वापरणं. स्टोरेज रॅमपेक्षा कित्येक पटींनी हळू असतं, त्यामुळे या जादा रॅमने ॲप बंद पडणं थोडं कमी होतं, वेग मात्र वाढत नाही.

स्टोरेजचा आकडा सगळे बघतात, जात कुणीच विचारत नाही. खरं तर साधा टॅब्लेट रखडतो तो बहुतेक वेळा इथेच. स्टोरेज दोन जातींचं असतं: ईएमएमसी आणि यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एकच काम करतं, वाचणं किंवा लिहिणं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. ईएमएमसी ५.१ वाचताना सेकंदाला सुमारे २५० ते ३०० एमबीपर्यंत जातं, यूएफएस २.२ त्याच्या तिप्पट वेगाने वाचतं आणि यूएफएस ३.१ त्याच्याही पुढे जातं. म्हणून मागे ॲप्सचे अपडेट उतरत असताना ईएमएमसीवाला टॅब्लेट गोठल्यासारखा होतो: लिहिण्याचं काम चालू आहे, तोवर तुमचं वाचण्याचं काम रांगेत थांबलेलं. असा टॅब्लेट आधीच हाताशी असेल तर प्ले स्टोअरमधलं आपोआप अपडेट बंद करून रात्री चार्जिंगला लावल्यावर ते हाताने सुरू करा. बराच फरक पडतो.

६४ जीबीचा टॅब्लेट हाती येतो तेव्हा त्यातली साधारण ४५ ते ५० जीबी जागाच मोकळी असते, बाकीची यंत्रणेने आणि आधीच टाकलेल्या ॲप्सनी घेतलेली असते. स्टोरेज गच्च भरलं की तेही मंदावतं, म्हणून दहा-पंधरा टक्के जागा कायम रिकामी ठेवा. ३२ जीबीचा टॅब्लेट या हिशेबात बसतच नाही.

मेमरी कार्डाची सोय असेल तर चित्रपट, पीडीएफ, गाणी कार्डावर ठेवा. ॲप्स कार्डावर टाकून वेग वाढेल अशी आशा धरू नका. बऱ्याच टॅब्लेटमध्ये ती सोयच बंद असते आणि जिथे असते तिथे ॲप हळू चालतं. कार्ड घेताना त्यावर ए१ किंवा ए२ ही खूण बघा. छोट्या छोट्या फायली किती चटपट वाचता-लिहिता येतात ते ती सांगते. आयपॅडला कार्डाची खाचच नसते, म्हणून तिथे स्टोरेजचा निर्णय टॅब्लेट विकत घेतानाच कायमचा होतो.

पायरी ३: प्रोसेसरमध्ये 'आठ कोअर' वाचून थांबू नका

आठ कोअर म्हणजे आठपट जोर असं वाटतं आणि जाहिरातीला तेच हवं असतं. कोअर म्हणजे चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग, आणि ते दोन प्रकारचे असतात. छोटे कोअर बॅटरी वाचवतात पण जोर कमी लावतात; कॉर्टेक्स-ए५३ आणि ए५५ हे त्यातले. मोठे कोअर ॲप उघडणं, पान सरकवणं, फाइल उघडणं अशी तुम्हाला जाणवणारी कामं उरकतात. ए७५, ए७६, ए७८ हे त्यातले. आठही कोअर ए५३ किंवा ए५५ असतील तर तो टॅब्लेट नवा असतानाच संथ वाटेल.

साध्या टॅब्लेटमध्ये किमान दोन मोठे कोअर हवेत. हेलिओ जी८५ आणि युनिसॉक टी६१६ या चिप्समध्ये दोन ए७५ आणि सहा ए५५ असतात: वाचन, व्हिडिओ, कॉल यांना पुरे. हेलिओ जी९९ मध्ये दोन ए७६, स्नॅपड्रॅगन ६९५ मध्ये दोन ए७८-वर्गातले; साध्या टॅब्लेटमधली ही चांगली निवड. त्यावर गेलात की स्नॅपड्रॅगन ८ मालिका आणि ॲपलच्या एम मालिकेतल्या चिप्स येतात, आणि तिथे फरक खरोखर मोठा असतो. आयपॅडच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट आहे: साध्या आयपॅडची ए१४ किंवा ए१६ चिपसुद्धा साध्या अँड्रॉइड टॅब्लेटच्या चिपपेक्षा बरीच पुढे असते. तिथे 'साधा' हा शब्द चिपसाठी लागू होत नाही, तो स्क्रीन, पेन आणि बाहेरच्या जोडण्यांसाठी होतो.

चिपचं नाव उत्पादकाने दिलंच नसेल आणि नुसतं 'शक्तिशाली ऑक्टा-कोअर' लिहिलं असेल, तर तो टॅब्लेट सोडून द्या. चांगली चिप कुणी लपवत नाही.

पायरी ४: स्क्रीन

स्क्रीन नंतर बदलता येत नाही, आणि डोळ्यांचा संबंध सगळ्यात जास्त तिच्याशी. म्हणून इथे थोडा हिशेब करू.

स्पष्टपणा इंचामागे किती ठिपके बसतात त्यावर ठरतो. १०.१ इंचांची १२८०×८०० स्क्रीन इंचामागे सुमारे १४९ ठिपके देते. तेवढ्याच आकाराची १९२०×१२०० स्क्रीन २२४ देते. ८.७ इंचांवर १३४०×८०० असेल तर १७९. साध्या आयपॅडची २३६०×१६४० स्क्रीन २६४. व्हिडिओ बघताना १४९ आणि २२४ मधला फरक काही जणांना जाणवणारही नाही, पण वाचताना नक्की जाणवतो. देवनागरीत तर जास्तच: रफार, अनुस्वार, उकार, जोडाक्षरं यांच्या बारीक रेषा कमी ठिपक्यांत एकमेकींत मिसळतात, आणि तासाभरात डोळे शिणतात. दहा-अकरा इंचांच्या टॅब्लेटवर वाचन करणार असाल तर १९२०×१२०० ही किमान पातळी धरा. ८ इंचांच्या आसपास १३४०×८०० चालून जातं.

आता आकार. पाठ्यपुस्तकं, शासकीय अर्ज, शोधनिबंध यांच्या पीडीएफ बहुधा ए४ आकाराच्या असतात, म्हणजे २१० मिमी रुंद. ११ इंचांचा १६:१० टॅब्लेट उभा धरला की त्याची रुंदी सुमारे १४८ मिमी भरते. पान ७० टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर साधारण साडेआठ पॉइंटचं दिसतं; वाचता येतं. ८.७ इंचांवर रुंदी ११३ मिमी, पान ५४ टक्क्यांवर, अक्षर साडेसहा पॉइंटचं. म्हणजे प्रत्येक ओळीला चिमटीने मोठं करा, बाजूला सरकवा, पुन्हा मागे या. आयपॅडची चौकट ४:३ च्या जवळची असल्याने १०.९ इंचांतही रुंदी १५८ मिमी मिळते, म्हणून पीडीएफसाठी तो आकार सोयीचा. चित्रपटासाठी मात्र १६:१० बरा, वर-खाली काळ्या पट्ट्या कमी येतात. कथा-कादंबऱ्यांच्या ई-पुस्तकांत अक्षरांचा आकार बदलता येतो, त्यांना ८.७ इंच उत्तम. ३३० ग्रॅमच्या आसपासचं वजन एका हातात धरून पडल्या पडल्या वाचता येतं. ११ इंची टॅब्लेट ४८० ते ५०० ग्रॅमपर्यंत जातो आणि कव्हर घातलं की आणखी जड होतो.

उजेडाचा आकडा निट्समध्ये देतात. ३०० ते ४०० निट्स घरात पुरतात. खिडकीशेजारी किंवा बाहेर बसणार असाल तर ५०० किंवा जास्त बघा.

लॅमिनेटेड स्क्रीन हा शब्द लक्षात ठेवा. तिच्यात वरची काच आणि आतला डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. साध्या टॅब्लेटमध्ये दोन्हींमध्ये हवेची फट असते, त्यामुळे पेनाचं टोक आणि उमटणारी रेघ यांत किंचित अंतर दिसतं आणि परावर्तनही जास्त होतं. साधा आयपॅड लॅमिनेटेड नसतो, आयपॅड एअर असतो. पण फटीचा एक फायदाही आहे. काच फुटली तर नुसती काच बदलता येते. लॅमिनेटेडमध्ये पूर्ण स्क्रीनच बदलावी लागते. लहान मुलाच्या हाती द्यायचा असेल तर साधी स्क्रीन हीच शहाणपणाची निवड.

पायरी ५: पेन लागणार असेल तर इथे थांबून नीट बघा

साधा घ्यावा की ताकदवान, हे ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट पेन आहे. रबरी टोकाचं स्वस्त पेन कुठल्याही टॅब्लेटवर चालतं, कारण टॅब्लेटला ते बोटच वाटतं. त्याला दाब कळत नाही, आणि तळहात टेकला की तिथेही रेघ उमटते. सही करायला किंवा मजकुरावर खूण करायला ते ठीक. तास-तासभर नोट्स घ्यायच्या असतील तर सक्रिय पेनच हवं, म्हणजे टॅब्लेट बोटापेक्षा वेगळं ओळखतो असं पेन, आणि सक्रिय पेनासाठी टॅब्लेटच्या स्क्रीनमध्येच तशी सोय असावी लागते. ती नंतर विकत घेऊन बसवता येत नाही.

इथे बारकाईने तपासा. गॅलॅक्सी टॅब ए९ आणि ए९ प्लस एस पेन (सॅमसंगचं सक्रिय पेन) ओळखत नाहीत. टॅब एस६ लाइट ओळखतो आणि पेन खोक्यातच मिळतं. साधा आयपॅड, म्हणजे दहावी पिढी आणि ए१६ चिपवाला, पहिल्या पिढीची ॲपल पेन्सिल आणि यूएसबी-सी पेन्सिल या दोनच घेतो. त्यातल्या यूएसबी-सी पेन्सिलला दाब कळत नाही. नोट्ससाठी ती चालते. चित्रकारासाठी ती निरुपयोगी आहे, कारण रेघ जाड-बारीक होत नाही. पेन वेगळं विकत घ्यायचं असेल तर त्याची किंमत टॅब्लेटच्या किमतीत मिळवून मगच तुलना करा. अनेकदा पेनासकट मिळणारा जरा वरचा टॅब्लेट 'साधा अधिक पेन' याच्या जवळपास येऊन ठेपतो.

रिफ्रेश रेटचा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते त्याचा, खरा संबंधही पेनाशीच आहे. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतं, १२० हर्ट्झवर ८.३ मिलिसेकंदांनी. वाचताना ही चैन आहे. भरभर लिहिताना शाई पेनाच्या मागे रेंगाळते की सोबत येते, हे त्यावर बरंचसं ठरतं.

चित्रकलेसाठी रॅमचा हिशेब करून बघा. ए४ पान ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) म्हणजे २४८०×३५०८ ठिपके, सुमारे ८७ लाख. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात, म्हणजे एका थराला (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांपैकी एकाला) साधारण ३५ एमबी. तीस थर झाले की १ जीबीच्या वर. ४ जीबीच्या टॅब्लेटवर निम्मी रॅम आधीच गेलेली. म्हणून चित्रकलेची ॲप्स तिथे थरांची संख्याच मर्यादित करतात, नाहीतर मध्येच बंद पडतात. हे काम साध्यावर होत नाही, आणि अशा वेळी वरच्या टॅब्लेटवरचा खर्च रास्त आहे.

पायरी ६: व्हिडिओ बघणाऱ्यांनी वाइडवाइन तपासावं

चित्रपट-मालिकांची ॲप्स चोरी रोखण्यासाठी वाइडवाइन नावाची व्यवस्था वापरतात. तिची एल१ पातळी असेल तर एचडी मिळतं. एल३ असेल तर बहुतेक ॲप्स चित्र ४८० किंवा ५४० रेषांवरच अडवतात, मग स्क्रीन कितीही चांगली असो आणि इंटरनेट कितीही वेगवान असो. अनोळखी नावांच्या स्वस्त टॅब्लेटमध्ये ही गोष्ट हमखास निघते आणि दोष इंटरनेटला दिला जातो. नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये सेटिंगमधल्या 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' या ठिकाणी पातळी आणि जास्तीत जास्त रिझोल्यूशन दोन्ही लिहिलेलं असतं. केवळ मनोरंजनासाठी टॅब्लेट घेणाऱ्याने चिपच्या आधी हे बघावं. त्याच्यासाठी एल१, चांगली स्क्रीन आणि दोन किंवा चार स्पीकर असलेला साधा टॅब्लेटच योग्य.

पायरी ७: माहितीपत्रकात न दिसणाऱ्या उणिवा

जीपीएस: फक्त वायफाय असलेल्या अनेक टॅब्लेटमध्ये ते नसतं. वायफाय आयपॅडमध्येही नसतं, सिमवाल्यात असतं. गाडीत नकाशा बघायचा बेत असेल तर हे आधी तपासा.

वायफाय: काही अगदी स्वस्त टॅब्लेट फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. आजूबाजूला बरीच राउटर असतील तर त्या पट्ट्यात गर्दी होते आणि व्हिडिओ कॉल तुटतो. ५ गिगाहर्ट्झची सोय हवीच.

यूएसबी-सी: आकार तोच, आतला वेग वेगवेगळा. साध्यात बहुधा यूएसबी २.०, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. मोठ्या स्क्रीनला तारेने जोडून चित्र दाखवणं साध्या अँड्रॉइड टॅब्लेटला सहसा जमत नाही. टॅब्लेट प्रोजेक्टरला जोडून शिकवणाऱ्यांनी 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द माहितीत आहे का ते बघावं.

चार्जिंग: ७००० एमएएच म्हणजे साधारण २७ वॅट-तास. १० वॅटच्या चार्जरने साडेतीन तास, १५ वॅटने अडीच तास धरून चाला. जुन्या फोनचा ५ वॅटचा चार्जर लावला तर सहा तासांहून जास्त. टॅब्लेट रात्रभर चार्ज होत नाही अशी तक्रार आली की आधी चार्जर आणि केबल बघा, बॅटरी नंतर.

समोरचा कॅमेरा: तो आखूड कडेला असेल तर टॅब्लेट आडवा ठेवून कॉल घेताना नजर सतत बाजूला गेलेली दिसते. रोज तास घेणाऱ्यांनी किंवा ऐकणाऱ्यांनी लांब कडेला कॅमेरा असलेला बघावा.

पायरी ८: अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा

टॅब्लेट लोक फोनपेक्षा जास्त वर्षं वापरतात, म्हणून हा प्रश्न इथे अधिक महत्त्वाचा. सुरक्षा अपडेट थांबले की बँकेची आणि पैसे देण्याची ॲप्स हळूहळू नकार देऊ लागतात, ब्राउझर जुना पडतो. उत्पादकाच्या अधिकृत पानावर त्या मॉडेलसाठी किती वर्षांचं वचन आहे ते बघा. वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वी आलेला, चार वर्षांचं वचन असलेला टॅब्लेट आज घेतलात तर हाती दोनच वर्षं उरतात. किमान तीन वर्षं शिल्लक असावीत.

यात वरचे टॅब्लेट खरोखर पुढे असतात, आणि खर्चाचं गणित इथे बदलतं. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. दोन वर्षं चालणारा साधा आणि पाच-सहा वर्षं चालणारा वरचा यांत वर्षाचा खर्च कधी कधी सारखाच निघतो. पण हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा तुम्ही तो टॅब्लेट खरंच तितकी वर्षं सांभाळून वापरणार आहात.

पायरी ९: निर्णय

आता पहिल्या पायरीचा कागद पुढे घ्या. व्हिडिओ, वाचन, कॉल, बातम्या, मुलांचे शैक्षणिक खेळ, पाककृती बघणं, एवढंच असेल तर किमान पातळी ओलांडणारा साधा टॅब्लेट घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगलं कव्हर आणि मेमरी कार्ड घ्या. वयस्कर माणसासाठीही साधाच, फक्त ११ इंचांचा आणि मोठ्या आवाजाचा.

विद्यार्थ्याचं उत्तर मधलं असतं. हाताने नोट्स आणि शेजारी पीडीएफ उघडी, हे रोजचं काम असेल तर सक्रिय पेन, ६ ते ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज असलेला मधल्या पातळीचा घ्या. सगळ्यात वरची चिप लागत नाही. नुसतं व्याख्यान बघायचं असेल आणि वही कागदाचीच राहणार असेल तर पेनावर खर्च करू नका.

चित्रकला, मोठ्या फायलींचं संपादन, जड खेळ, किंवा लॅपटॉपऐवजी टॅब्लेट, यांपैकी काहीही असेल तर ताकदवान घ्या आणि स्टोरेज २५६ जीबी धरा. फोरके व्हिडिओ मिनिटाला १७० ते ३५० एमबी जागा घेतो. दहा मिनिटांचं चित्रीकरण साडेतीन जीबीपर्यंत जातं, आणि तयार फाइल बाहेर काढताना वेगळी जागा लागते. जड खेळांसाठी एक सूचना: पहिल्या पाच मिनिटांतला वेग बघून ठरवू नका. चिप तापली की स्वतःच वेग कमी करते, त्यामुळे अर्ध्या तासानंतर काय होतं ते महत्त्वाचं.

लॅपटॉपऐवजी म्हणून घेणाऱ्यांनी आधी एक गोष्ट पडताळावी: तुमचं मुख्य ॲप टॅब्लेटवर पूर्ण रूपात आहे का? स्प्रेडशीट, हिशेब, आराखडे यांच्या टॅब्लेट आवृत्तीत अनेकदा मॅक्रो, प्लगइन किंवा छपाईच्या सोयी नसतात. ही उणीव कितीही ताकदवान चिपने भरून निघत नाही. तसं असेल तर साधा टॅब्लेट आणि वेगळा लॅपटॉप हेच योग्य.

तिसरा रस्ता: एक-दोन पिढ्या जुना वरचा टॅब्लेट. पेन, चांगली स्क्रीन, यूएफएस स्टोरेज, सगळं मिळतं आणि किंमत बरीच उतरलेली असते. नव्या साध्यापेक्षा हा बऱ्याचदा सरस ठरतो, अट एवढीच की अपडेटची वर्षं शिल्लक असावीत. वापरलेला घेताना समोरच्याला त्याचं खातं टॅब्लेटमधून काढायला सांगा, फॅक्टरी रिसेट करायला लावा आणि मग तुमच्या खात्याने सुरू होतो का ते तिथेच बघा. जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर व्यवहार करू नका. तो टॅब्लेट तुमच्या काहीच कामाचा नाही.

पायरी १०: हाती आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी

आधी सगळे अपडेट उतरू द्या. पहिल्या दिवशीचा संथपणा बराचसा त्यांच्यामुळे असतो, त्यावरून मत बनवू नका. मग सेटिंगमध्ये 'टॅब्लेटविषयी' उघडून रॅम, स्टोरेज आणि सुरक्षा अपडेटची तारीख जुळवून बघा. अनोळखी ब्रँडमध्ये सेटिंगमधले आकडेही खोटे दाखवलेले असू शकतात. सीपीयू-झेड हे ॲप टाकून चिपचं नाव आणि कोअरचे प्रकार ताडून पाहा. खऱ्या स्टोरेजची शंका असेल तर मोठ्या फायली भरून, त्या परत उघडून बघणं हाच पक्का उपाय. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'खाली टॅब्लेट प्रमाणित आहे असं दिसायला हवं. नसेल तर काही ॲप्स पुढे उतरणारच नाहीत.

स्क्रीन पूर्ण पांढरी आणि मग पूर्ण काळी करून अंधारात बघा: मेलेले ठिपके, कडेने झिरपणारा उजेड दिसेल. चित्र काढायच्या ॲपमध्ये बोटाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हळू रेघा ओढा. रेघ एका ठिकाणी तुटत असेल तर तिथे स्पर्श काम करत नाही. पेन असेल तर तळहात टेकवून पानभर लिहा.

शेवटी कागदावरची सगळ्यात जड दोन कामं एकत्र चालवा: व्हिडिओ कॉल चालू, शेजारी पीडीएफ उघडी, पंधरा मिनिटं. या वेळात ॲप स्वतःहून बंद झालं, आवाज तुटला किंवा पान उलटायला दोन-तीन सेकंद लागले, तर सवय होईल म्हणून ठेवून घेऊ नका. मुदतीतच परत करून वरचा प्रकार मागा, कारण पुढे येणारे अपडेट आणि भरत जाणारं स्टोरेज यांनी तो आणखी हळूच होणार आहे.